तीनदाबाईंचा निळा ट्रे

“मावशीनं त्या दिवशी खरं लिहिलं असतं, तर दोन वर्षांनी गेलेलं ते बाळ वाचलं असतं का?”

हा प्रश्न मला एका परिचारिकेने विचारला आणि मला त्याचे उत्तर देता आले नाही. परिचर्या विद्यालयात तोवर माझी अठ्ठावीस वर्षे झाली होती आणि प्रसूतिकक्षातील औषधे हा माझाच विषय होता. कोणते औषध, कोणाला, किती आणि केव्हा, यांपैकी काहीही तिने विचारले असते तर मी झोपेतून उठून सांगितले असते. तिचा प्रश्न या चारांत बसणारा नव्हता. तो ज्या मावशीविषयी होता, तिची हकिकत लिहून काढल्याने उत्तर सापडेल असा माझा भ्रम नाही. परंतु चौकशीच्या कागदावर जी बाई शिल्लक आहे ती खरी नाही, आणि तो कागद तयार करणाऱ्या तिघांपैकी मी एक होते.

वॉर्डात त्यांना सगळे ‘तीनदाबाई’ म्हणत. प्रसूतिकक्षाच्या त्या मुख्य परिचारिका. औषधाच्या अ‍ॅम्प्युलवरचे नाव तीन वेळा वाचावे, उचलताना, फोडण्यापूर्वी आणि टोचण्यापूर्वी, हा नियम आमच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. बहुतेक वॉर्डांत तो पाठ्यपुस्तकातच सुखरूप राहतो. बाईंच्या कक्षात मात्र तो कानांनी ऐकू येई. तिन्ही वेळा, मोठ्याने, बाळंतिणीच्या ओरडण्यावर आवाज चढवून. एखादीने मनातल्या मनात वाचले तर त्या म्हणत, “मनातलं मला ऐकू येत नाही गं. मी काही तुझी नणंद नाही.” मुली पाठीमागे त्यांची नक्कल करत. तीनदाबाईंना चहा दिला तर कपावर काय लिहिले आहे ते तीनदा वाचूनच पितात, अशी एक कथा विद्यालयात तुकडीमागून तुकडी चालत आली होती. चष्मा त्यांच्या गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेला असे. तो डोळ्यांवर नसेल तेव्हा छातीवर असे. तिसरी जागा त्याला ठाऊक नव्हती.

प्रसूतिकक्षात पहिल्यांदा येणाऱ्या मुलींना त्या औषधांच्या फ्रिजसमोर अर्धवर्तुळात उभे करीत आणि दार उघडून एकेक औषध हातात घेत. ही शिकवणी मी अनेकदा दाराशी उभी राहून ऐकली आहे. माझ्या वर्गात ज्यासाठी चार तासिका लागत, ते त्या वीस मिनिटांत उरकत.

“ही ऑक्सिटोसिन. ही घरची सून. बाळ बाहेर आलं की आईच्या मांडीत दहा युनिट. पिशवीला कामाला लावते, मध्ये दम खाऊ देते, परत कामाला लावते. पण कळा आणायला सलाइनमधून द्यायची, तर थेंब मोजून. सुनेला घाई केली तर घर फुटतं. इथे पिशवी फुटते.”

मुली हसत. बाई हसत नसत.

“ही अर्गोमेट्रिन. ही सासू. एकदा आवळलं की सोडत नाही. रक्त थांबत नसेल तेव्हा हिच्यासारखं माणूस नाही. पण बाळ पोटात असताना हिला उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, आणि जिचं बीपी चढलंय तिच्या वाऱ्यालाही उभं करायचं नाही. मॅग्नेशियम सल्फेट हा जावई. झटके येणाऱ्या बाईला हाच वाचवतो, म्हणून मान द्यायचा. पण प्रत्येक डोसाआधी गुडघ्यावर हातोडी मारून बघायची, श्वास मोजायचा, लघवी मोजायची. गुडघा उडाला नाही तर पुढचा डोस बंद. आणि जावयाला परत पाठवायची सोय आधीच करून ठेवायची. कॅल्शियम ग्लुकोनेट शेजारी नसेल तर हा घरात येता कामा नये.”

“आणि सासरे, बाई?” एखादी धीट मुलगी विचारी.

“सासरे हे काय, फ्रिजच्या दारावर बसलेत.” त्या तापमापीकडे बोट दाखवीत. “किती गरम, किती गार, एवढंच सांगतात. पण रोज सकाळी विचारायला लागतं.”

“मग व्हिटॅमिन के कोण?”

या प्रश्नावर बाईंचा सूर बदलत असे. “ते बाळाचं. जन्मल्याबरोबर बाळाला एकच टोचणी, म्हणजे त्याला आतून रक्तस्राव होत नाही. ते आपल्या नात्यागोत्यात येत नाही. आईच्या माणसांत त्याला कधी बसवायचं नाही. म्हणून त्याचा ट्रे वेगळा.”

या वाक्यामागचे कारण साधे होते. व्हिटॅमिन के आणि अर्गोमेट्रिन ही दोन्ही औषधे उजेडाने खराब होतात; म्हणून दोन्ही तपकिरी काचेत येतात. दोन्ही अ‍ॅम्प्युल करंगळीएवढ्या. नावाची बाजू खाली गेली की त्यांच्यात भेद उरत नाही. एक बाळाच्या मांडीत जायचे आणि दुसरे लागलेच तर आईच्या, तेही पाच-दहा मिनिटांच्या अंतराने, एकाच घाईत, पुष्कळदा एकाच हाताने. आईचे औषध बाळाला गेले तर बाळ ताठरते, निळे पडते, श्वास घेणे विसरते. अशी चूक औषधांच्या दुकानात होणार नाही, घरी होणार नाही, दुसऱ्या वॉर्डातही होणार नाही. ती केवळ प्रसूतिकक्षात, केवळ त्या दहा मिनिटांत होऊ शकते. म्हणून बाईंनी आईसाठी स्टीलचा ट्रे ठेवला होता आणि बाळासाठी निळ्या एनॅमलचा. स्टीलचा टेबलाजवळच्या ट्रॉलीवर, निळा बाळाला ऊब देणाऱ्या दिव्याखाली. दोहोंत सहा पावलांचे अंतर. त्यांची आणखी एक रीत होती. फोडलेल्या रिकाम्या अ‍ॅम्प्युल टाकायच्या नाहीत. आई आणि बाळ दोघेही कक्षातून बाहेर जाईपर्यंत त्या एका वाडग्यात ठेवायच्या. “उष्टी भांडी बघितली की कोण काय जेवलं ते कळतं,” असे त्या म्हणत.

मला प्रश्न विचारणारी परिचारिका म्हणजे त्यांची भाची. धाकट्या बहिणीची मुलगी. ती चार वर्षांची असताना बहीण काविळीने गेली, वडिलांनी दुसरे घर केले, आणि मुलगी मावशीकडे आली ती कायमची. रुग्णालयाच्या मागच्या वसाहतीत दोन खोल्या होत्या. त्यांतल्या एकुलत्या एका टेबलावर मावशीचा ड्युटीचा तक्ता आणि भाचीची पाटी शेजारी शेजारी असत. मुलीची अक्षरओळख औषधांच्या रिकाम्या खोक्यांवर झाली. ‘ग’ तिला गणिताच्या पुस्तकाआधी ग्लुकोजच्या खोक्यावर भेटला. बाईंनी लग्न केले नाही. का केले नाही, असे विचारण्याची कोणाची छाती झाली नाही. प्रसूतिकक्षातली आयाबाई, बाईंहून सात-आठ वर्षांनी लहान आणि जिभेने दुप्पट चलाख, ती नेहमी म्हणे, “माय मरो पण मावशी जगो ही म्हण ज्यानं केली, त्यानं आमच्या बाईंनाच बघून केली असणार.”

भाची आमच्या विद्यालयात दाखल झाली आणि शेवटच्या वर्षी मावशीच्याच कक्षात कामाला आली. पहिल्याच दिवशी तिच्या तोंडून “मावशी” निघून गेले. बाईंनी मान वर न करता उत्तर दिले, “तुझी मावशी इथे नाही. ती घरी भाजी चिरतेय. मी बाई.” इतर मुली ‘आपला तो बाब्या’ म्हणून कुजबुजत, प्रत्यक्षात बाई तिच्यावर सर्वांत कडक होत्या. इतरांना तीनदा, तिला चारदा.

२००६ च्या जानेवारीत स्वच्छतेची पाहणी करणारे पथक आले. निळ्या ट्रेच्या कडेचे एनॅमल उडाले होते आणि खाली गंज दिसत होता. पथकाने तो बाद केला, आणि नियमाप्रमाणे ते योग्यच होते. बाईंनी दुसऱ्या दिवशी नव्या ट्रेची मागणी केली. आठ दिवसांनी पुन्हा केली. तिसऱ्या खेपेस त्या स्वतः भांडारात गेल्या.

“बाई, ट्रे काय झाडाला लागतात?” भांडारपाल म्हणाला. “स्टीलचा आहे ना एक? दोन कशाला?”

“एक आईचा, एक बाळाचा.”

“अहो, बाळ आईच्या पोटात नऊ महिने राहिलं, ट्रेमध्ये दहा मिनिटं राहिलं तर काय बिघडतं?”

बाई परत आल्या आणि त्यांनी स्टीलच्या ट्रेच्या मधोमध पांढरी चिकटपट्टी लावली. डावा भाग बाळाचा, उजवा आईचा. ट्रे दररोज सकाळी उकळत्या पाण्यातून निघे, पट्टी सुटून येई, आणि दररोज ती नव्याने लावावी लागे. महिनाभर ती रोज लावली गेली.

फेब्रुवारीतला तो मंगळवार होता. सकाळचे अकरा वाजत आले होते. तिन्ही टेबले भरलेली. पट्टीचे गुंडाळे संपले होते, नवे आणायला गेलेली मुलगी वाटेत दुसऱ्याच कामाला लावली गेली होती. ट्रे तसाच, कोरा, वापरात होता. भाचीने त्यात डावीकडे व्हिटॅमिन के आणि उजवीकडे अर्गोमेट्रिन ठेवले. मधल्या टेबलावरची बाई दुसऱ्या खेपेची. तिचे मूल सगळ्यांच्या अंदाजाआधी आले. ऑक्सिटोसिन वेळेवर गेले. तरुण डॉक्टर पाठ करून टाके घालू लागला. बाळ दिव्याखाली गेले, आणि बाईंनी ट्रॉलीवरचा ट्रे उचलून दिव्यापाशी नेला. वाटेत सलाइनची दांडी होती. तिला वळसा घालताना ट्रे त्यांच्या हातात फिरला. त्यांनी तो ठेवला तेव्हा डावे उजवे झाले होते. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून हाक आली आणि त्या तिकडे वळल्या.

भाचीने डावीकडची अ‍ॅम्प्युल उचलली. महिनाभर डावीकडचे ते बाळाचे होते. तिने ती फोडली, औषध ओढून घेतले आणि बाळाच्या मांडीत दिले. तिने एकदाही वाचले नाही.

तीन मिनिटांनी डॉक्टर मान न वळवता म्हणाला, “बाई, रक्त जास्त जातंय. अर्गोमेट्रिन.”

बाई आल्या. ट्रेमध्ये उरलेली अ‍ॅम्प्युल त्यांनी उचलली, चष्मा सारखा केला आणि मोठ्याने वाचले, “व्हिटॅमिन के.” मग थांबल्या. पुन्हा वाचले. तिसऱ्यांदा वाचले तेव्हा, आयाबाईने मला पुढे सांगितले, त्यांचा आवाज ओठांच्या बाहेर आला नाही. त्यांनी वाडग्यातली फोडलेली काच उलटी केली. मग भाचीकडे पाहिले. भाचीच्या हातात अजून सुई होती.

“डॉक्टर, बाळाला अर्गोमेट्रिन गेलंय. बालरोगवाल्यांना बोलवा. आत्ता.”

“काय? कोणी दिलं?”

“आधी फोन.”

त्यानंतर त्या फ्रिजकडे गेल्या, नवी अर्गोमेट्रिन काढली, आईचे बीपी विचारून घेतले, तीन वेळा मोठ्याने वाचले आणि आईला टोचले. रक्त थांबले. बाळाचे हात तोवर लाकडासारखे झाले होते आणि ओठ करडे. वीस मिनिटांच्या आत ते कृत्रिम श्वासावर होते. तीन दिवस त्याला झटके आले. अकराव्या दिवशी ते आईच्या कुशीत घरी गेले. काय झाले ते लगेच कळले म्हणूनच ते वाचले, असे बालरोगतज्ज्ञांनी लिहून दिले.

त्या मंगळवारी साडेबाराच्या सुमारास बाईंनी हात धुतले, चष्मा पदराने पुसला आणि औषधांची नोंदवही उघडली. ‘कोणी दिले’ या रकान्यात त्यांनी स्वतःची सही केली.

भाची शेजारी उभी होती. “बाई, ते मी...”

“बाळाचे कपडे घेऊन ये.”

“बाई, पण...”

“कपडे.”

विद्यार्थिनीच्या हातून औषधाची अशी चूक झाली तर तिचे नाव विद्यालयातून कमी होत असे. परीक्षेला चार महिने उरले होते. बाईंच्या निवृत्तीला चौदा. हा हिशेब बाईंनी हात धुताना केला की तीन वेळा वाचतानाच, हे त्यांनी कोणालाही सांगितले नाही.

संध्याकाळी घरी काय झाले ते मला भाचीकडून कळले. मावशी भात लावत होती. भाची दारातच उभी राहिली.

“मावशी, तू खोटं लिहिलंस.”

“पाय धू आणि बस.”

“तूच शिकवलंस ना? ज्या हातानं दिलं त्याच हाताचं नाव लिहायचं.”

“ट्रे कोणी फिरवला?”

“ट्रे फिरला म्हणून बाळाला काही होत नाही. मी वाचलं नाही म्हणून झालं.”

“तेही खरं. पट्टी नव्हती, मला दिसत होतं पट्टी नाही, तरी मी ट्रे चालू दिला. तेही खरं. एवढं सगळं त्या रकान्यात मावत नाही. एक सही मावते.” झाकण ठेवून मावशीने ओट्यावरचे पाणी पुसले. “मी आता किती दिवसांची? तुला चाळीस वर्षं काढायची आहेत.”

दुसऱ्या आठवड्यात भाची मेट्रनच्या दारापर्यंत गेली. मेट्रनने कागदांतून डोके वर काढून विचारले, “काय गं?” भाची म्हणाली, “दोन दिवस सुट्टी हवी होती.” सुट्टी मिळाली.

चौकशीच्या खोलीत आम्ही तिघे होतो: मेट्रन, एक ज्येष्ठ डॉक्टर आणि विद्यालयातर्फे मी. बाई समोरच्या खुर्चीत ताठ बसल्या.

“तुम्ही?” मेट्रन म्हणाल्या. “तुम्ही वाचलं नाहीत?”

“चष्मा डोळ्यावर नव्हता.”

“कुठे होता?”

“आठवत नाही. वय झालं.”

चष्मा त्यांच्या छातीवर काळ्या दोरीला लटकत होता. तो आम्हा तिघांना दिसत होता. मी विचारू शकले असते की तो कधीपासून तिसऱ्या ठिकाणी जाऊ लागला. मी विचारले नाही. बाळाला इंजेक्शन देताना त्या टेबलापाशी विद्यार्थिनी एकटी होती, असे निघाले असते तर प्रश्न विद्यालयाला विचारले गेले असते; आणि एकाच वेळी तीन टेबलांवर किती मुली कोणाच्या देखरेखीखाली असतात, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. बाईंचे वय हे आम्हा सर्वांना सोयीचे उत्तर होते. ट्रेविषयी बाई बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर तो कोणी भरला, कोणी नेला, कोण कोठे उभे होते, हे ओघाने आले असते. खोटे साधे असावे लागते. त्यात ट्रे बसत नव्हता. आमचा अहवाल चार ओळींचा झाला. निष्कर्ष, वैयक्तिक चूक. उपाय, नेत्रतपासणी.

नेत्रतपासणी झाली. चष्म्यासह दृष्टी उत्तम, असा तिचा निकाल आला. तो कागद फाइलला लावण्याचे कोणाला सुचले नाही. बाईंची बदली कपडेखात्यात झाली आणि तिथे त्यांनी चौदा महिने चादरी आणि उशांचे अभ्रे मोजले. आयाबाई अधूनमधून तळघरात जाऊन येई. “चादरीसुद्धा तीनदा मोजतात,” ती वर येऊन सांगे, पण त्यावर हसण्याची आमची सवय मोडली होती. भाची पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली, परिचारिका म्हणून नोंदली गेली आणि त्याच रुग्णालयाच्या हाडांच्या वॉर्डात रुजू झाली. प्रसूतिकक्ष तिने मागितला नाही.

अहवालात ट्रेचा उल्लेख नव्हता, म्हणून ट्रेची मागणीही मागे पडली. चुकीचे कारण म्हातारे डोळे असतील तर म्हातारे डोळे तळघरात गेल्यावर काम संपते. स्टीलचा ट्रे तोच राहिला. पट्टी लावणारे कोणी राहिले नाही. नव्या मुख्य परिचारिका नीटनेटक्या होत्या; उष्टी भांडी त्यांना खपत नसत, म्हणून रिकाम्या अ‍ॅम्प्युल फोडल्याबरोबर कचऱ्याच्या डब्यात जाऊ लागल्या.

२००८ च्या ऑक्टोबरात दुसऱ्या एका विद्यार्थिनीने त्याच ट्रेमधून, दुपारी, दुसऱ्या एका बाळाला अर्गोमेट्रिन टोचले. बाळ ताठरले तेव्हा कोणाला काही उमजले नाही. जन्मताना गुदमरले असेल, मेंदूत रक्तस्राव असेल, हृदयच अधू असेल, असे तर्क दीड तास चालले. शेवटी आयाबाईने आपण होऊन डबा जमिनीवर पालथा केला आणि काचांत बोटे घालून अ‍ॅम्प्युल शोधली. बाळ दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.

बातमी आयाबाईनेच वसाहतीत नेली. बाईंना तेव्हा निवृत्त होऊन दीड वर्ष झाले होते. त्या दारात बसून मेथी निवडत होत्या.

“बाई, तसंच झालं,” आयाबाई म्हणाली.

मूल वाचले का, असे बाईंनी विचारले नाही. आयाबाईच्या पट्टी बांधलेल्या बोटांकडे पाहून ते त्यांना कळले असावे. त्यांनी विचारले, “ट्रे कोणता होता?”

“तोच. दुसरा कुठला?”

“वाडगा?”

“वाडगा कधीच गेला, बाई.”

बाईंनी हातातली जुडी पूर्ण निवडली. देठ एकीकडे, पाने एकीकडे. मग आत जाऊन त्यांनी कागद काढला.

भाची ड्युटीवरून आली तेव्हा दीड पान लिहून झाले होते. मावशीने तो कागद तिच्यापुढे सरकवला.

“मी हे देणार आहे. तुझं नाव येतंय त्यात.”

भाचीने वाचले. “दोन वर्षांपूर्वी द्यायचं होतंस.”

“हो.”

“मीही सांगायला हवं होतं.”

“तू लहान होतीस.”

“एकवीस वर्षांची होते, मावशी. टोचायला मोठी आणि सांगायला लहान?” तिने मावशीच्या सहीखाली स्वतःची सही केली.

मेट्रनने दोघींना बसवून घेतले, कागद वाचला आणि घडी घालून परत केला. “बाई, ती फाइल बंद झाली. आता जुनं उकरून काय हाती लागणार? या पोरीचं रजिस्ट्रेशन जाईल, तुमचं पेन्शन अडकेल. आणि बाळ काही परत येणार नाही.”

“ट्रे येईल,” बाई म्हणाल्या.

“ट्रेसाठी वेगळा अर्ज करा ना.”

त्यांनी केला. दर सहा महिन्यांनी, तीन प्रतींत, सेवानिवृत्त परिचारिका या नात्याने. उत्तरे आली नाहीत. दीड पानांचा तो कागद मात्र त्या माझ्याकडे घेऊन आल्या. चौकशी समितीच्या एखाद्या सदस्याने फेरविचार मागितला तर फाइल उघडावी लागते, हा नियम त्यांनी शोधून काढला होता. नियम वाचण्याची सवय होतीच. मी कागद वाचला. त्यात त्यांनी कोठेही दया मागितली नव्हती. ट्रेची लांबी, रुंदी, पट्टीचा रंग, सलाइनच्या दांडीची जागा, हे सारे होते, आणि शेवटी एक वाक्य: ‘समितीने ट्रेविषयी विचारले नाही व मी सांगितले नाही.’

“बघते,” मी म्हणाले.

“वाचलंत ना नीट?”

“वाचलं.”

“आणखी दोनदा वाचा,” त्या म्हणाल्या आणि निघाल्या. ते विनोदाने म्हटले असावे असे मी स्वतःला पुष्कळदा समजावले आहे.

तो कागद माझ्या टेबलाच्या खालच्या खणात जवळजवळ चार वर्षे राहिला. विद्यालयाची मान्यता, नव्या तुकड्या, माझी बढती, अशी कारणे होती. ती खरीही होती. दरम्यान मी दर वर्षी नव्या मुलींना फळ्यावर लिहून देत होते: व्हिटॅमिन के, एक मिलिग्रॅम, बाळाच्या मांडीत. अर्गोमेट्रिन, बाळाला कधीही नाही. मुली उतरवून घेत. बाईंचा आवाज कमी झाला, मग पाय सुजले, मग मूत्रपिंडांनी काम सोडले. शेवटच्या महिन्यात भाची त्यांची औषधे देई आणि प्रत्येक औषधाचे नाव त्यांच्या कानाशी तीन वेळा वाचे. एकदा तिने दोनदाच वाचले, तर त्यांनी तोंड उघडले नाही.

त्या गेल्यानंतर दहाव्या-बाराव्या दिवशी भाची माझ्या खोलीत आली. कागद अजून माझ्याकडे आहे का, एवढेच विचारायला आल्याचे तिने सांगितले. मी खण उघडला. घडीवर धूळ होती. ती तिने बोटाने पुसली. मग खिडकीकडे पाहत तिने तो प्रश्न विचारला, ज्याने हे लिखाण सुरू झाले. मला सुचलेले प्रत्येक उत्तर एक तर तिच्या मावशीला दोषी ठरवत होते, नाही तर मला सोडवत होते. तिने कागद उलगडून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “तुम्ही सही केलीत तर मी स्वतः नेऊन देते. मला ड्युटीवर जायचंय.”

मी सही केली. फाइल उघडली गेली. भाचीची नोंदणी सहा महिन्यांसाठी स्थगित झाली. तिने आक्षेप घेतला नाही. त्या सहा महिन्यांत ती, एव्हाना तिकडे बदली झालेल्या आयाबाईबरोबर, तळघरात, कपडेखात्यात, रोजंदारीवर होती.

तीनदाबाई २०१२ च्या ऑगस्टमध्ये वारल्या. त्या प्रसूतिकक्षात बाळाच्या औषधांचा वेगळा निळा ट्रे २०१३ च्या एप्रिलमध्ये आला.